गोळी न सोसणाऱ्यांचे काय?

आज १२ ऑक्टोबर, जागतिक संधिवात दिन. सिंधुदुर्गात हा दिवस भातकापणीच्या ऐन धांदलीत येतो. परतीच्या पावसाने उभे भात आडवे करण्याआधी ते खळ्यात आणायची घाई असते, आणि शेतात कमरेत वाकून विळा चालवणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायका सहज दिसतात. तिकडे किनाऱ्यावर मासळीचा हंगाम रंगात आलेला असतो. रापण ओढणाऱ्यांचे खांदे भरून येतात. लिलावाच्या वाळूत उकिडवे बसून मग डोक्यावर पाटी घेऊन वाड्या पालथ्या घालणाऱ्या बायकांचे गुडघे संध्याकाळी जिना चढू देत नाहीत. वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांत दिवसभर एकाच ठेवणीत काम करून माना आखडतात. आजच्या निमित्ताने कुठे शिबिरे होतील, हाडांची घनता तपासली जाईल आणि परतणाऱ्यांच्या हाती वेदनाशामक गोळ्यांची एखादी पट्टी पडेल. ज्यांना ती गोळी सोसतच नाही, त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे.

‘गोळी घेतलंय काय पोटात आग पडता’, ही तक्रार या जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरला नवी नाही. कुणाला मळमळते, कुणाचे पाय सुजतात, कुणाला भोवळ येते आणि रात्री उठून न्हाणीघरापर्यंत जायची भीती वाटू लागते. घरोघरी औषधांच्या पिशवीत दोन-तीन गोळ्या काढून सोडून दिलेल्या पट्ट्या पडून असतात. घरच्यांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटतो, डॉक्टरांना निष्काळजीपणा. पण बहुतेक वेळा ही तक्रार औषधशास्त्राला धरूनच असते.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या कुळातल्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे सूज उतरते, ठणका कमी होतो. मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ टिकवतात. म्हणून दुखणे थांबवणारी गोळी पोटात व्रण करू शकते, रक्तदाब वाढवू शकते, पायांवर सूज आणू शकते. वयाबरोबर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद मुळातच उतरलेली असते. त्यात रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि जोडीला वेदनाशामक रोज पोटात जाऊ लागली, तर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका असतो. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पट्टी मागून नेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

डायक्लोफिनॅकचे सामर्थ्य या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. दुखऱ्या गुरांना हे औषध दिले जाई, ते जनावर मेले की गिधाडे त्याचे मांस खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. हे कारण २००४ मध्ये संशोधकांनी सिद्ध केले, आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या आकाशातून जवळजवळ पुसली गेली होती. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, आणि योग्य मात्रेत, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतले तर हे औषध अनेकांना खरा आराम देते. पण इतके प्रबळ औषध वर्षानुवर्षे चहाबरोबर घ्यायची वस्तू नव्हे, एवढी समज तरी आपल्याला त्या गिधाडांनी द्यायला हवी होती.

बाकीची औषधेही सरसकट सोपी नाहीत. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सौम्य, पण झिजलेल्या गुडघ्यावर अनेकदा तोकडे पडते, आणि दिवसाकाठी चार ग्रॅमच्या पुढे गेले तर यकृताच्या जिवावर उठते; दारू पिणाऱ्याची मर्यादा त्याहून अलीकडे. ट्रॅमाडॉलने उलट्या होतात, पोट साफ होत नाही, आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे प्रेगाबालिन गुंगी आणते, तोल घालवते. अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते. तरुण माणूस यातले एखादे दोन आठवडे निभावून नेतो, हळूहळू अंगवळणी पाडतो. घरात एकटी राहणारी बाई ते धाडस कसे करणार? भोवळ येऊन पडली तर उचलायला शेजार येईपर्यंत वेळ जातो.

आणि हा जिल्हा एकट्या राहणाऱ्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती आणि मागच्या दशकापेक्षा ती घटली होती. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. मुलगे मुंबईला, सुना मुंबईला, आणि गावच्या घरात आईवडील, कित्येकदा नुसती आई. चाकरमानी गणपतीला येताना मुंबईहून गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्यांचा साठा घेऊन येतात. त्यात माया असते, शंकाच नाही. पण आईला कुठली गोळी सोसते आणि कुठली सोसत नाही, हे विचारायला पाच दिवसांची सुट्टी पुरत नाही.

अशा वेळी माणूस आडवाटेला लागतो. एस.टी. स्टँडजवळ, बाजाराच्या दिवशी, कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘वातावरची पुडी’ घेतली जाते. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटावा असा आराम पडतो, भूक लागते, अंगात ताकद येते. अशा बेनाव पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे देशभर वारंवार आढळले आहे. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, खुब्याचे हाड आतून मरते. आणि पुडी एकदम बंद केली तर तेही जिवावर बेतते. जे औषध पोटाला मुळीच लागत नाही आणि सगळे दुखणे एका आठवड्यात घालवते, त्याचे नाव-गाव विचारल्याशिवाय ते तोंडात टाकू नये. नाव सांगता येत नसेल तर ते घेऊच नये.

या सगळ्यातून पार पडलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी काय येते? ‘आता वय झाले, सहन करा.’ आमच्या मते हे वाक्य दवाखान्यांतून हद्दपार व्हायला हवे. सहन करणे या बायकांना शिकवावे लागत नाही. त्यांचा सगळा जन्म त्यातच गेला आहे. आपल्याकडे वेदनेचा उपचार म्हणजे गोळी किंवा शस्त्रक्रिया एवढाच अर्थ उरला आहे, म्हणून जिला गोळी सोसत नाही आणि शस्त्रक्रियेची गरज नाही, ती उपचाराच्या बाहेर पडते.

हा प्रश्न किरकोळ नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. त्यातल्या फार मोठ्या भागाला पाठ्यपुस्तकातले ठळक नाव देता येत नव्हते. दुखणे मात्र खरे होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे शब्द कानावर पडले की घरात संशय सुरू होतो, नाटक करते म्हणतात, कामचुकार म्हणतात. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर महाराष्ट्राने असे हजारो रुग्ण पाहिले, ज्यांचा ताप आठवड्यात गेला आणि सांधे महिनोन्महिने धरून राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचे स्थान मिळाले आहे. वेदना हे दर वेळी दुसऱ्या रोगाचे लक्षणच असते असे नाही, ती स्वतःच आजार असू शकते, हे वैद्यकाने मान्य केले. आमच्या ओसऱ्यांवर ते अजून पोहोचायचे आहे.

गोळीखेरीज काय, याची उत्तरेही आहेत आणि ती मनाच्या समजुतीची नाहीत. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्याची वाट अडवता येते, आणि स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप ती अडवतात. आजी करंजेल किंवा उंडेल लावून गुडघा चोळते, निर्गुंडीच्या पाल्याने शेकते, तेव्हा तिला खरोखर बरे वाटते; त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. त्वचेवर लावायच्या डायक्लोफिनॅकच्या मलमातून रक्तात फारच थोडे औषध जाते, म्हणून ज्यांना गोळी सोसत नाही अशा अनेकांना गुडघ्यासाठी ते चालते; मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारून. मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम गुडघ्याची वेदना कमी करतो, आणि कित्येक अभ्यासांत त्याचा परिणाम गोळीच्या तोडीचा दिसला आहे. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ ताणायचा, थोडा वेळ धरायचा, खाली ठेवायचा. इतके साधे आहे म्हणूनच कदाचित त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आजाराची नीट माहिती देणे, व्यायाम, काही हस्तोपचार आणि मानसोपचाराच्या पद्धती यांची शिफारस आहे. कमरपट्टे, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात नकोत, असे त्या स्पष्ट सांगतात. आपल्याकडे नेमके पट्टे आणि ट्रॅक्शन हेच फिजिओथेरपी म्हणून ओळखले जाते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. आमवातासारखा आजार, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, तो शेक आणि व्यायामावर सोडून चालत नाही. सांधे कायमचे वाकडे होतात. त्यावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाने मळमळते म्हणून ते परस्पर बंद करणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे. मात्रा बदलता येते, फॉलिक ॲसिड जोडता येते, गोळीऐवजी इंजेक्शन देता येते, दुसरे औषध निवडता येते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणघातक ठरते. तसेच दुखण्याबरोबर ताप, वजन घटणे, पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये.

वेदनेसह जगण्याचा विषय निघाला की बाबा आमटे यांचे उदाहरण दिले जाते. मणक्यांच्या विकाराने त्यांचे बसणे बंद झाले. ते आडवे पडून राहू शकत किंवा उभे राहू शकत. याच अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. हे सांगून झाले की रुग्णाकडे वळून ‘बघा, ते कसे जिद्दीचे होते’ असे म्हणायची पद्धत आहे. ती आम्हाला अन्यायाची वाटते. बाबांची जिद्द मोठी होतीच, पण त्या यात्रेत तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात पडून प्रवास करत होते. त्यांच्या शरीराला जे जमत नव्हते ते सोबत्यांनी त्यांच्याकडून मागितले नाही; कामाची रचनाच त्या शरीराला धरून बदलली. मालवणातल्या मासे विकणाऱ्या बाईसाठी ही रचना कोण बदलणार?

ती बदलणे फार खर्चाचे नाही. मासळी बाजारात उभ्याने किंवा स्टुलावर बसून विकता येईल अशा उंचीचे ओटे. काजू कारखान्यात तासाभराने उठून फिरायची मुभा. घरात उंच खुर्ची, उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा, कमोड, जिन्याला कठडा. कापणीच्या दिवसांत दोन वाफ्यांनंतर थांबण्याची सवय. बरे वाटते आहे त्या दिवशी सगळे काम उरकून टाकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, ही चाल मोडायला हवी. दुखण्याआधी थांबणे हे आळशीपणाचे लक्षण नाही, हे घरातल्या पुरुषांनी आधी शिकावे.

आणि सरकारने आपल्याच योजना वाचाव्यात. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात वृद्धांसाठी वेगळे क्लिनिक आणि पुनर्वसन उपचार अपेक्षित आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धसेवा आणि वेदनाशमन सेवा लिहिलेली आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे. तरीही दुखणे हाताबाहेर गेले की आमचा माणूस आजही गाडी करून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाची वाट धरतो. मालवणहून शंभरेक किलोमीटरचा हा प्रवास दुखऱ्या कमरेला काय देतो, ते ज्याने केला त्याला विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. जुनाट वेदना त्यांत नाही. म्हणजे जिला अर्धा तास उभे राहता येत नाही, तिला कागदोपत्री काहीच झालेले नाही.

आमची मागणी मोजकी आहे. सिंधुदुर्गातल्या आठही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस वेदनेसाठी राखून ठेवावा. तिथे फिजिओथेरपिस्ट असावा, रुग्णाच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून कुठली ठेवायची आणि कुठली बंद करायची हे ठरवणारा डॉक्टर असावा, आणि प्रत्येकासाठी दोन मिनिटांहून अधिक वेळ असावा. आशा कार्यकर्तीला चार व्यायाम शिकवावेत. ती ते वाडीवाडीत नेईल. जिल्हा परिषदेने आणि वैद्यकीय महाविद्यालयाने ठरवले तर पुढच्या १२ ऑक्टोबरपर्यंत हे सुरू होऊ शकते.

वाचकांकडेही एक मागणे आहे. आज घरी आईला, आजीला, वडिलांना औषधांची पिशवी घेऊन बसवा. कुठल्या गोळीने काय होते ते एका कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या.