शेकडा पाच म्हणजे किती?

गेल्या महिन्यात शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरला आम्ही एका घरी मुक्कामाला होतो. घरातली मुलगी आठवीत. सरळव्याजाचे सूत्र तिला तोंडपाठ :

व्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ 100

तिच्या आईने घरावरच्या पत्र्यासाठी एकाकडून 5,000 रुपये घेतले होते आणि सहा महिन्यांनी 6,500 फेडले होते. आम्ही विचारले, "बाळ, आईला व्याजाचा दर काय पडला?" मुलगी अडली. सूत्रात व्याज डावीकडे एकटे, दर मात्र उजवीकडे गर्दीत.

अशा वेळी तराजू आठवावा. दोन्ही पारड्यांत सारखाच बदल केला की काटा ढळत नाही. उजवीकडे 100 ने भागले आहे, म्हणून दोन्ही बाजूंना 100 ने गुणावे. दराला मुद्दल आणि मुदत यांनी गुणले आहे, म्हणून दोन्ही बाजूंना त्यांनी भागावे. दर मोकळा होतो :

दर = व्याज × 100 ÷ (मुद्दल × मुदत)

'बाजू बदलली की चिन्ह बदलते' एवढेच पाठ केलेली मुले इथे वजाबाकी करून बसतात. गुणाकार सुटतो तो भागाकारानेच.

मुलीने व्याज 1,500, मुद्दल 5,000 आणि मुदत 6 घातली. उत्तर आले 5. आई म्हणाली, "त्यो शेकडा पाचच म्हणाला हुता. पाच म्हंजे काय लई न्हाई."

इथेच फसगत होते. बँकेचा दर 'दरसाल दर शेकडा' असतो. त्या माणसाने 'दरमहा' हा शब्द गिळला होता. सहा महिने म्हणजे अर्धे वर्ष. मुदत अर्धी धरली की 1,50,000 ÷ 2,500 = 60. दरसाल साठ टक्के! ताळा पाहा : 5,000 × 60 × अर्धे ÷ 100 = 1,500. माउली गप्प झाली.

महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानेवाल्यालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणून पैसे हातात घेण्याआधीच दर मोकळा करून पाहा.

आता मुलांना हे द्या : मुद्दल 8,000, दर 12, व्याज 1,440. मुदत मोकळी करा. दीड वर्ष आले, तर मूल सूत्र नुसते पाठ करत नाही, वापरते असे समजा.