घरातील मांसल वनस्पती व पाण्याचा अतिरेक

कोरफड, पानफुटी, निवडुंगाच्या निरनिराळ्या जाती इत्यादी मांसल वनस्पती कुंडीत लावण्याची आवड आता शहरापुरती राहिलेली नाही. खेड्यातील घरांच्या ओसरीवर व खिडक्यांतही अशा कुंड्या दिसू लागल्या आहेत. ही आवड स्वागतार्ह आहे. परंतु हौसेने आणलेल्या या झाडांपैकी पुष्कळशी पहिल्याच पावसाळ्यात कुजून जातात, आणि निगा कमी पडली अशी घरच्या माणसांची समजूत होते. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. ती मरतात अति पाण्याने. पाणी घालणे म्हणजेच निगा राखणे, ही समजूत सोडल्याखेरीज मांसल वनस्पती घरात टिकावयाच्या नाहीत.

याचे कारण त्यांच्या जीवनक्रमात आहे. बहुतेक पिके दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेतात व त्याबरोबर पुष्कळ पाणी गमावतात. मांसल वनस्पतींपैकी बहुतेक हेच काम रात्रीच्या गारव्यात करतात. घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पानात साठतो व दिवसा उन्हात उपयोगी पडतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते व दुपारपर्यंत त्याची चव जाते, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी 1813 साली कळविले होते. अशा काटकसरी झाडास रोज तांब्याभर पाणी देणे म्हणजे भरल्या पोटी पुन्हा जेवावयास बसविण्यासारखे आहे.

पाण्याइतकेच महत्त्व मातीला आहे. कापसाची काळी माती शेतात कितीही मोलाची असली तरी कुंडीतील मांसल झाडास ती घातक ठरते, कारण ती ओल धरून ठेवते. मातीच्या कणांमधील हवा निघून गेली की मुळे गुदमरतात व कुजतात. म्हणून पोयट्याची माती एक भाग, नदीची जाड वाळू किंवा बारीक मुरूम दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत अर्धा भाग असे मिश्रण करावे. कुंडी कुंभाराकडील भाजलेल्या मातीची असावी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळाशी भोक असलेच पाहिजे, व कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये.

पाणी किती दिवसांनी द्यावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर दिनदर्शिकेत नाही, मातीत आहे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे; आत ओल लागल्यास पाणी देऊ नये. माती कोरडी असल्यास तळातून निथळेपर्यंत एकदाच द्यावे व पुन्हा कोरडी होईपर्यंत थांबावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, हवाच दमट असल्याने कित्येक आठवडे पाणी न दिले तरी चालते. तहानलेले पान सुरकुतते व पातळ होते. अति पाणी झालेले पान पिवळट, मऊ व पाणचट होते. हा फरक ओळखता न आल्याने पुष्कळ जण सडू लागलेल्या झाडास आणखी पाणी घालून त्याचा शेवट जवळ आणतात.

घरात दुसरी उणीव असते ती उजेडाची. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेले झाड बारीक, लांबट व फिकट होऊन उजेडाकडे वाकते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सावलीतील झाड एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नये, पाने भाजतात. बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटात बुडविलेल्या बोळ्याने तो पुसून काढावा. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावले जाणारे झाड मात्र या नियमास काहीसा अपवाद आहे. ते मेक्सिकोकडील अरण्यांत इतर झाडांवर वाढणारे निवडुंग असल्याने त्यास अर्धवट सावली व थोडी अधिक ओल मानवते. पानफुटी जनावरांस विषारी आहे. तिची कुंडी गुरांच्या तोंडी येईल अशी ठेवू नये.

ही शहरी हौस असून गावातील कार्यकर्त्याने तीत वेळ का घालवावा, असा आक्षेप घेतला जाईल. त्यास उत्तर असे की, जी चूक कुंडीत होते तीच शेतातही होते. कालव्याच्या पाण्याखालील कित्येक चांगल्या जमिनी अति पाण्याने व निचऱ्याच्या अभावी क्षारपड झाल्या आहेत. शेतातील नुकसान दिसावयास वर्षे लागतात; कुंडीतील एका पावसाळ्यात दिसते.

या हौसेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. घरातील झाड मेले की दुसरे आणले जाते, आणि काही वेळा ते डोंगरावरून उपटून आणले जाते. शिंदळ माकडी ही मांसल वनस्पती फक्त महाराष्ट्रातच आढळते. डालझेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ती तग धरून आहे व दुर्मिळ झाली आहे. उन्हाळ्यात तिची पाने झडतात. ती मेली असे समजून कुंडीत पाणी ओतणारा तिला खरोखरच मारतो. ती कड्यावरून आणणे सर्वथा अनिष्ट होय. रोपवाटिकेत वाढविलेल्या झाडाचा फाटा घ्यावा, कापलेली जागा सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यावी व मग लावावा. कोरफडीची पिले व निवडुंगाचे फाटेही असेच लावता येतात. मग डोंगराकडे हात जाण्याचे कारणच उरत नाही.

तोंडी उपदेशापेक्षा प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या ओसरीवर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी, कोरफडीच्या दोन सारख्या कुंड्या जूनमध्ये ठेवाव्यात. एकीस रोज पाणी द्यावे. दुसरीस माती कोरडी झाल्यावरच द्यावे. दसऱ्याच्या सुमारास दोन्ही झाडे उपटून त्यांची मुळे गावकऱ्यांपुढे ठेवावीत. निगा कोणाची अधिक झाली, हे मुळेच सांगतील.