‘ॲडजस्टमेंट’ कोणाची आणि सही कोणाची?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, आणि राग आला तर आधी पूर्ण वाचा, मग भांडायला या.

हल्ली आपल्यात एक तोडगा हळू आवाजात सुचवला जातो. मुलगा गे आहे ना, मग एखादी लेस्बियन मुलगी बघा, दोघांचं लग्न लावून टाका. लोकांची तोंडं बंद, आतलं त्यांचं ते बघतील. ‘बधाई दो’ (२०२२) सिनेमात हेच होतं, त्यामुळे आता त्याला गोड नावही मिळालंय, लव्हेंडर मॅरेज. परवा एका ताईंनी मला हे अगदी टॅक्स वाचवायची युक्ती सांगावी तशा सुरात सांगितलं!

एक गोष्ट आधीच मान्य करते. कतार, ओमान, सौदी अरेबियात आपली कितीतरी मराठी घरं आहेत, आणि तिथे समलिंगी संबंध आजही कायद्याने गुन्हा आहे. तिथे दोन सज्ञान माणसं एकमेकांना सगळं खरं सांगून, स्वतः ठरवून कागदोपत्री नवरा-बायको झाली, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. डोक्यावर तुरुंग टांगलेला असताना मिळेल त्या छपराखाली माणूस उभा राहतोच.

पण आपण राहतो लेस्टरला, स्लाउला, हॅरोला. इंग्लंड-वेल्समध्ये २९ मार्च २०१४ पासून दोन पुरुषांची, दोन बायकांची लग्नं रीतसर होतात. मग इथे लपायचं कोणापासून? पोलिसांपासून नाही. गणपतीच्या आरतीला जमणाऱ्या आपल्यापासून, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉल करणाऱ्या आत्यापासून. तिकडे जे काम सरकार करतं, ते इथे आईबाप करतात. वर डोळ्यांत पाणी आणून.

‘आपली संस्कृती’ म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: ३७७ कलम आपल्याकडे आलं ते इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून. इंग्लंडने स्वतःचा कायदा १९६७ मध्ये सैल केला. भारतात सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे आपण बॅगेत घालून आणलेली ही ‘संस्कृती’ बरीचशी इथलीच जुनी, इथल्यांनीच टाकून दिलेली.

आता खरा संतापाचा भाग. लेस्बियन मुलगी शोधायचेही कष्ट नकोत, म्हणून सरळ नाशिक-सांगलीकडची, काहीच माहीत नसलेली मुलगी आणायची. “लग्नानंतर सुधारेल तो.” आम्हा सीएंच्या भाषेत ताळेबंद नटवून दाखवण्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. दोघांनाही सगळं माहीत असेल तर फार तर तेवढंच. पण एकाला अंधारात ठेवलं की ते खोटं व्हाउचर, सरळ फ्रॉड. तिचा हिशोब कोणी मांडलाय का? नोकरी सोडून येणार. व्हिसा नवऱ्याच्या नात्यावर, सरकारी भत्ते नाहीत, कायमचं राहायची परवानगी मागायला पाच वर्षं थांबायचं. सहा महिन्यांत तिच्या लक्षात येणार आणि दोष कोणाला? तिलाच. “नवऱ्याला जिंकता आलं नाही.” हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमाखाली फसवून मिळवलेल्या संमतीचं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येतं, पण कोर्टाच्या पायऱ्या तिनेच चढायच्या. शिवाय व्हिसाच्या अर्जात नातं खरं आहे असं तुमचा मुलगा लिहून देतो. त्या सहीखाली तुमचं नाव नसतं, लक्षात घ्या.

आणि मुलगा किंवा मुलगी तयार नसताना दबाव आणून लग्न लावणं हा इथे जून २०१४ पासून गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. मारहाणच हवी असं नाही, धमकी किंवा इतर कुठल्याही प्रकारची जबरदस्ती पुरते. “आजी सिरियस आहे” अशी थाप मारून पुण्याला न्यायचं आणि तिथे जबरदस्तीने बोहल्यावर उभं करायचं, हेही त्यात बसतं. होम ऑफिस आणि परराष्ट्र खात्याचं फोर्स्ड मॅरेज युनिट याच कामासाठी आहे.

गंमत बघा. सून आणायला जो पार्टनर व्हिसा लागतो, त्याच रस्त्याने मुलाचा खरा जोडीदारही मुंबईहून येऊ शकतो. एप्रिल २०२४ पासून साधारण २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे, ती दोघांनाही सारखीच. एनएचएसचा सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, तोही सारखाच. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे भारतात लग्न लागणार नाही. पण फियान्से व्हिसावर इकडे येऊन सहा महिन्यांच्या आत इथे लग्न करता येतं. नातं खरं असल्याचे पुरावे लागतात, आणि ते या दोघांकडे असतात. खोट्या लग्नाला तेच तर तयार करावे लागतात.

“अगं, पण लोक काय म्हणतील?” लोक म्हणजे कोण हो? तुम्ही, मी, आणि शनिवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये भेटणारे वीसेक जण. मी काही म्हणणार नाहीये. एकोणीस उरले.