खोदणारानं भरावं



वऱ्हाडात भेगेचं कोणाला नवल नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. अकोल्या-अमरावतीच्या वस्त्यांत भिंतीला चीर गेली की माणूस ती लिंपतो आन् कामावर जातो. पण सगळ्या चिरा मातीच्या नसतात. काही खालच्या पोकळीच्या असतात. त्यांचं बोलू.

२६ ऑगस्ट २०२२. चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस. अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं आधीच बाहेर पळाली म्हणून जीव वाचले. खाली इंग्रजांच्या काळापासूनची भूमिगत खाण. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली. कोणी म्हणेल, ते चंद्रपूर, आपल्याले काय त्याचं? घुग्घुस वर्धा नदीच्या पलीकडे. अलीकडे वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा, आपलंच वऱ्हाड. तिथंही खाली कोळसाच. आन् तोच वेकोलिचा कोळसा अकोला जिल्ह्यात पारसच्या वीज केंद्रात जळतो. गिरणीतला माझा साचा विजेवर फिरतो. ती वीज कोणाच्या घराखालून निघाली, हे विचारणं माझं काम आहे.

कोळसा काढताना छत तोलायला कोळशाचेच खांब सोडतात. पुढं पुष्कळ ठिकाणी तेही काढून घेतात. पोकळीत वाळू भरली नाही तर छत आज ना उद्या बसतं. कोणाच्या राज्यात खोदलं होतं, हे ते पाहत नाही.

हे कळायला आज उजाडलं असंही नाही. कोळशावर कर घेऊन पोकळीत वाळू भरायचा कायदा १९३९ सालचा. १९४४ साली त्याचं दुरुस्ती विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात कोणी आणलं? मजूर खात्याचे मंत्री डॉ. आंबेडकर यांनी. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या खाणीत स्वतः उतरले होते. आपण जयंतीला डीजे लावतो. हे काम आपल्या किती भाषणांत येते?

आता काही मित्र म्हणतात, वस्तीत घराच्या विम्याची मोहीम काढू. हेतू चांगला. म्हणून पॉलिसी वाचली. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आहे. तीत घराखालची जमीन खचून झालेलं नुकसान धरलेलं आहे. वाटतं, झालं काम! मग खाली वाचा. नेहमीच्या भेगा वगळल्या. भरावाची जमीन सरकली तर वगळली. सदोष बांधकाम वगळलं. आन् शेवटी, खोदकामामुळं खचलं तर तेही वगळलं.

वा रे पॉलिसी! नाल्याकाठच्या भरावावर कोण राहतं? बंगलेवाला? हप्त्या-हप्त्यानं विटा आणून बांधलेल्या खोलीत दोष कोणाला सापडणार नाही? तपासणारा साहेब काळ्या मातीकडे बोट दाखवील, नाहीतर खोदकामाच्या कलमाकडे. तुम्ही म्हणाल, जुनी खाण म्हणजे ते खोदकाम नव्हे. म्हणा. वकील लावा. रोजी बुडवून तारखा करा.

कोळसा खाणी १९७३ साली सरकारच्या झाल्या. त्याच साली सर्वसाधारण विमाही सरकारचा झाला. पुढं खाजगी कंपन्या आल्या, तरी सरकारी विमा कंपन्या अजून आहेत. म्हणजे खोदणारं सरकार, कलम दाखवणारं सरकार, वर्षानुवर्षं घराचा पट्टा न देणारंही सरकारच. मधात आपण.

बाहेर काय आहे? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियानं १९६१ साली अशा खचण्यासाठी सरकारी विमा काढला. इलिनॉय राज्यानं १९७९ साली कायदा केला. तिथल्या ३४ काउंट्यांत घरमालकानं लेखी नकार दिला नाही तर हे संरक्षण पॉलिसीत येतंच. आपल्याहून बरं. पण हप्ता कोणाचा? ज्याच्या घराखाली खोदलं त्याचाच! चोरानं भिंत फोडावी आन् वर्गणी घरवाल्यानं द्यावी.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यानं दुरुस्ती किंवा भरपाई खाणवाल्यावर टाकली. नुकसान खाणीमुळं झालं असावं असं दिसलं, तर 'आमच्यामुळं नाही' हे त्यानंच सिद्ध करायचं. ज्या इंग्रजांनी आपल्याकडे पोकळ्या सोडल्या, त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी हा न्याय ठेवला. आपल्या राज्याला तो काहून जमू नये?

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी असं मांडलं. प्रत्येक प्रौढाला मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करा म्हणाले. बोलणं आयुर्विम्याचं होतं, पण तत्त्व सरळ आहे: गरिबाचं संकट एजंटाच्या कमिशनवर सोडायचं नाही.

पैसा नाही म्हणू नका. २०१५ पासून खाणींच्या रॉयल्टीच्या हिशेबानं जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. कायद्यानंच तो खाणबाधितांचा आहे.

तेव्हा मोहीम काढायचीच तर ही काढा. खाण सोडताना तिचा नकाशा सरकारला द्यावा लागतो. ते नकाशे ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या भिंतीवर लावा, कोणाच्या चुलीखाली पोकळी आहे ते दिसू द्या. घर खचलं तर पुरावा कंपनीनं द्यावा. भरपाई पट्टा पाहून नको, राहणाऱ्याला पाहून द्या. आन् विमाच पाहिजे तर खोदकामाचं कलम काढा, हप्ता खाणीच्या पैशातून द्या.

वाळू भरा, नाहीतर पैसे भरा. दोन्ही भरणं तुमच्याकडंच आहे. आमच्याकडं भरायला फक्त रस्ता आहे, आन् तो आम्ही माणसांनी भरू.