मेंढरू ही शिवी नव्हे

आमच्या सुशिक्षित समाजात ख्रिस्ती धर्मावरील एक आक्षेप इतक्या सहजतेने एका मुखातून दुसऱ्या मुखात जात असतो की, तो तपासून पाहण्याची गरज कोणासच भासत नाही. आक्षेप असा: जो धर्म ईश्वरास मेंढपाळ म्हणतो, तो मनुष्यास मेंढरू ठरवितो, आणि एकदा मेंढरू ठरलेल्यास स्वाभिमान कोठून असणार? पुढे नीत्शेचे नाव निघते, गड्डरिकाप्रवाहाचा दाखला दिला जातो, आणि प्रश्न निकालात निघाला असे समजून मंडळी चहाकडे वळतात. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि कोणी ख्रिस्ती व्हावे असाही आमचा आग्रह नाही. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे, मिल्टनचे 1637 सालचे ‘लिसिडस’ हे विलापकाव्य वर्गात काढले की हा आक्षेप दरवर्षी आमच्या कानी येतो. तो आम्हास खोटा वाटतो; इतकेच नव्हे, तर तो करणाराच्याच अंगचे एक व्यंग त्यातून उघडे पडते, असे आमचे मत आहे.

आक्षेपकांनी मेंढपाळ कधी पाहिला आहे काय, हा आमचा पहिला प्रश्न. आम्ही राहतो त्या मोहन्यास याकरिता फार दूर जावे लागत नाही. उल्हास आणि काळू या नद्यांच्या खोऱ्यातील भातकापणी उरकली की घाटावरून धनगरांचे वाडे खाली उतरतात. मोकळ्या खाचरांत रात्री मेंढरे बसवावयाची, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यावयाचे, आणि पावसाच्या तोंडाशी पुन्हा घाट चढावयाचा, हा त्यांचा वर्षाचा क्रम. गेल्या माघात असाच एक कळप रस्त्यावरून जात असता मागून आलेल्या मोटारीतील एका गृहस्थांनी भोंगा वाजवून वाजवून धनगरास हैराण केले आणि शेवटी एक सणसणीत शिवी हासडली. धनगराने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्याचे लक्ष एका लंगडणाऱ्या कोकराकडे होते. ते त्याने उचलून खांद्यावर घेतले आणि कळप बाजूस केला. त्याच गृहस्थांच्या दिवाणखान्यात, मुलीस शाळेतून बक्षीस मिळालेले, खांद्यावर कोकरू घेतलेल्या ख्रिस्ताचे एक सुबक चित्र आम्ही पाहिले आहे!

चित्रातला मेंढपाळ शुभ्र वस्त्रांत असतो, कोकरू धुतलेले असते, आणि कुरण असे हिरवे की तेथे काटा म्हणून नसावा. या गोडगोड चित्रांनीच मूळ उपमेचा घात केला आहे. ज्यांनी ती प्रथम योजिली ते मेंढ्यांच्या वासात वाढलेले लोक होते. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपल्या सासऱ्यास वीस वर्षांच्या चाकरीचा हिशेब ऐकवितो तो पाहावा. दिवसा उन्हाने होरपळलो, रात्री थंडीने गारठलो, श्वापदाने फाडलेल्या जनावराची नुकसानी मी सोसली, अशी त्याची तक्रार आहे. आमोस हा संदेष्टा स्वतः मेंढपाळ. सिंहाच्या जबड्यातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढक्याचे चित्र तो रेखाटतो. हा तुकडा कशासाठी? जनावर चोरले नाही, श्वापदाने मारले, याचा पुरावा धन्यापुढे ठेवावा लागे म्हणून. म्हणजे मेंढपाळ हा लाडीगोडी लावणारा नव्हे. तो जाब देणारा आहे. आमच्या मते या उपमेचा प्राण मेंढराच्या दुबळेपणात नसून राखणाराच्या या जबाबदारीत आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे आक्षेपाची धार आक्षेपकावरच उलटते. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात ही उपमा मेंढरांस नमविण्याकरिता आलेली नाही. ती राज्यकर्त्यांच्या अंगावर सोडलेली आहे. तुम्ही लोकर पांघरलीत, पुष्ट जनावरे कापून खाल्लीत, परंतु रोग्यास बरे केले नाहीत आणि हरवलेल्यास शोधले नाहीत, असा तो आरोप आहे. मिल्टननेही आपल्या काव्यात पीटरच्या तोंडून भ्रष्ट धर्माधिकाऱ्यांस हेच सुनावले आहे. जी उपमा सत्ताधाऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते, तिला दास्याची शिकवण म्हणणे हे वाचनाचे दारिद्र्य होय.

एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे, आणि तो टाळणे आम्हास शोभणार नाही. मेंढपाळ मेंढरू पाळतो ते लोकरीसाठी, आणि शेवटी ते खाटकास विकतो; मग त्याच्या ममतेचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि व्यवहारातील मेंढपाळापुरता तो खराही आहे. परंतु योहानाच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय नेमका हाच व्यवहार उलटा करितो. तेथे मेंढरू मेंढपाळासाठी मरत नाही. मेंढपाळ मेंढरांसाठी मरतो. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्तास कोकरू म्हटले आहे. राखणाराच बळी होतो, हा विचार कोणास पटो वा न पटो. त्यास गुलामगिरीचे तत्त्वज्ञान म्हणता येणार नाही.

लूकच्या दाखल्यात नव्याण्णव मेंढरे सोडून मेंढपाळ हरवलेल्या एकाच्या शोधास निघतो. यावर आमचे हिशेबी मित्र विचारतात, “मग त्या नव्याण्णवांचे काय?” त्यांनी एखादी रात्र वाड्यावर काढावी. धनगर एकटा हिंडत नाही. बायकापोरे, सोबती, कुत्री, आणि रात्री मेंढरांभोवती लावलेली वाघर, असा सगळा संसार त्याच्यासवे चालतो. कळप सांभाळला जातो. जे चुकले त्याच्यासाठीच कोणीतरी अंधारात जावे लागते. नव्याण्णवांची काळजी वाहणारे हे मित्र स्वतः कधी एकाच्याही शोधास निघालेले आम्हास आढळले नाहीत.

आता शेवटचा मुद्दा: ही उपमा परकी आहे, आपल्या मातीत रुजत नाही. आम्ही विचारतो, कोणत्या मातीत? बाणाईसाठी धनगरवाड्यावर चाकर होऊन मेंढरे राखणारा जेजुरीचा खंडोबा कोणाचा देव? डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 सालच्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाची मुळे गोपजनांच्या, धनगर-गवळ्यांच्या दैवतात शोधली. तो निष्कर्ष कोणी सर्वस्वी मान्य करो वा न करो, त्यासाठी त्यांनी जमविलेली सामग्री तरी नाकारता येणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तास माउलीच्या रूपात आळविले, आणि ते आम्हास चटकन आपले वाटले, कारण ईश्वरास आई म्हणण्याची सवय आम्हास संतांनी लाविली होती. गाई राखणारा गोपाळ आम्हास गोड वाटतो. मग मेंढरे राखणाराच तेवढा ओशाळवाणा का? उत्तर धर्मशास्त्रात नाही, ते आमच्या जातीच्या उतरंडीत आहे. गाय पूज्य, म्हणून गोपाळ पूज्य; मेंढरू हलके, म्हणून धनगर हलका. ज्या जिल्ह्यात टिळकांनी उमेदीची वर्षे वेचली, त्याच्या मुख्य शहरास 2024 पासून धनगराच्या घरी जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आहे. नाव पाटीवर चढले. तिरस्कार मनातून उतरला काय?

मोहन्यास हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. येथील रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला आणि हजारो कुटुंबांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. दोष कोणाचा, याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु लांडगा दिसताच पळणारा पगारी राखणदार आणि न पळणारा मेंढपाळ, हा योहानाने केलेला भेद येथल्या माणसांस टीकाग्रंथावाचून कळतो. त्यांस कोणी मेंढरू म्हटले याचे दुःख नसते. आपली मोजदाद कोणी ठेवली नाही याचे असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, जो कोणी स्वतःस लोकांचा पालक म्हणवितो, मग तो गुरू असो, पुढारी असो, धर्माधिकारी असो, की आमच्यासारखा वर्गात हजेरी घेणारा प्राध्यापक असो, त्यास या उपमेच्या कसोटीवर घासून पाहावे. किती जण त्याच्यामागे चालतात हे विचारू नये. मागे राहिलेले किती, आणि त्यांच्यासाठी तो कितीदा परत फिरला, हे विचारावे. आणि पुढल्या हिवाळ्यात रस्त्यावर कळप आडवा आला, तर निदान भोंगा तरी वाजवू नये.