कॅसेटवरून शिकलेले पद : मौखिक परंपरेविषयी एक विचार

लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासात गायकाला विचारावयाचा एक ठरीव प्रश्न आहे : 'हे पद आपण कोणाकडून शिकलात?' उत्तर 'आजीकडून' किंवा 'मंडळातल्या जुन्या बुवांकडून' असे आले की अभ्यासकाची वही उघडते. ते 'कॅसेटवरून' असे आले की मिटते. कॅसेटवरून उचललेले पद परंपरेतले नसून बाजारातले, असा संकेत आपल्या विभागांतून रूढ झाला आहे. प्रबंधांतून 'यांत्रिक माध्यमांचे आक्रमण' अशा आशयाचे एक प्रकरण असते व ते बहुधा अखेरचे आणि घाईने लिहिलेले असते. हा संकेत तपासून पाहिला पाहिजे. कारण ज्या कलावंतांच्या नावाने आपण ही चिंता वाहतो, ते स्वतः ध्वनिमुद्रणावर मनापासून लोभ करतात. ते ऐकतात आणि ऐकता ऐकता पेटी पुढे ओढून त्याच्याबरोबर वाजवू लागतात.

यंत्राचा स्पर्श न झालेली गायनपरंपरा आज शोधू म्हटले तर कितपत सापडेल? ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला, त्याला आता शतक उलटून गेले आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. लावणी असो वा पोवाडा, त्याला त्या मापात बसावे लागे. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडील खेड्यापाड्यांत पोहोचली. या घडामोडीचा पीटर मॅन्युएल यांनी १९९३ सालच्या ग्रंथात केलेला अभ्यास सर्वश्रुत आहे. बड्या कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक गायकाला बाजार मिळाला, हे त्यांनी दाखविले. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की कॅसेट विकत घेणाऱ्यांत जो स्वतः वाजविणारा होता, त्याने तिचे काय केले?

चिखली आणि आसपासच्या गावांतील भजनी मंडळांकडे पाहिले असता याचे उत्तर मिळते. गावातला पखवाजी आपल्या मुलाला, फार तर पुतण्याला शिकवी. त्याच्या ओसरीवर प्रत्येकाला बसता येत नसे. का येत नसे, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. कॅसेट मात्र ऐकणारा कोणाचा कोण हे विचारीत नसे. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. गुरूने एवढ्या वेळा सांगितले नसते आणि शिष्याला विचारण्याचे धैर्य झाले नसते. या रियाजात फीत झिजे, आणि ती नेमकी अवघड जागेवर, तान किंवा तिहाई असेल तेथे, आधी झिजे. एखाद्या वादकाची जुनी कॅसेट कोठे पुसट झाली आहे हे पाहिले, तर तो काय शिकत होता याचा पुरावाच हाती येतो. असा पुरावा आपल्यापैकी किती जणांनी गोळा केला आहे?

यातल्या अडचणीही जाणकारीच्या होत्या. पेटीचे सूर पक्के असतात. बॅटऱ्या उतरू लागल्या की कॅसेटवरील आवाज संथ होऊन पट्टीखाली सरके आणि काळी दोन व पांढरी दोन यांच्यामधल्या फटीत कोठेतरी जाऊन बसे. तबला, ढोलकी हातोडीने उतरविता येते. पेटीला ती सोय नाही. मग वीज येण्याची वाट पाहायची, आणि भारनियमनाच्या दिवसांत ती वाट लांबत असे. काही जण कॅसेटवादकाच्या मोटारीवरील बारीक स्क्रू फिरवून त्याची गती आपल्या पेटीशी जुळवून घेत. ज्याला आपण निष्क्रिय श्रोता म्हणतो त्याची ही कारागिरी आहे. आज हातातल्या मोबाइलवर पट्टी न बदलता गती कमी करता येते, त्यामुळे हे कौशल्य कालबाह्य झाले. बरोबर वाजविण्याची ओढ झाली नाही.

कोणती ध्वनिमुद्रणे या मंडळींना प्रिय असतात, यातही एक विवेक दिसतो. वाद्यवृंदाने गच्च भरलेले मुद्रण ऐकायला आवडते, पण वाजवायला घेतले जात नाही. ज्यात ठेका उघडा आहे, पट्टी सामान्य गळ्याला झेपेल अशी आहे आणि दोन कडव्यांमध्ये हात फिरवायला जागा आहे, ते निवडले जाते. प्रल्हाद शिंदे यांच्या गायनाची लोकप्रियता या अंगाने पाहण्याजोगी आहे. २००४ साली निवर्तलेल्या या गायकाने विठ्ठलाची भक्तिगीते गायिली, भीमगीते गायिली, कव्वालीही गायिली. परिणामी वारकरी मंडळ आणि आंबेडकरी गायन पार्टी एकाच आवाजाबरोबर वाजवून तयार झाल्या. एरवी ज्यांच्या पेट्या एका ओसरीवर क्वचितच लागल्या असत्या, त्यांचा हा समान गुरू होय. लोकसाहित्याच्या समाजशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी याची दखल घेऊ नये, याचे नवल वाटते.

आपण साहित्याचे अभ्यासक; तेव्हा संहितेकडे वळू. मुद्रणात अभंगाचे दोन चरण गळतात, नाममुद्रा मात्र राहते, कारण तिच्यावाचून अभंग पुरा झाल्यासारखा वाटत नाही. हा आखूड पाठ मग गावोगाव रूढ होतो. वऱ्हाडी उच्चार प्रमाण होतात; पण गाणारा मंडळात परतला की त्यांतले काही पुन्हा वऱ्हाडी होतात, आणि एखादा गळलेला चरण म्हातारे टाळकरी आठवणीने परत घालतात. हस्तलिखितांचे पाठभेद नोंदविताना आपण जी शिस्त पाळतो, तीच येथे लागू करावयास हवी. तबकडी किंवा कॅसेट हा एक पाठ आहे, त्याला स्वतःची वंशावळ आहे. गाडगे महाराजांचे उदाहरण बोलके आहे. १९५६ साली, निधनापूर्वी थोडेच दिवस आधी झालेल्या त्यांच्या मुंबईतील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. छापील कीर्तनात त्यांचे प्रश्न कळतात. मुद्रणात ते प्रश्न विचारून किती थांबतात आणि श्रोत्यांकडून उत्तर कसे वसूल करतात, हे कळते. त्यांच्या पद्धतीने प्रबोधन करू पाहणाऱ्याला छापील प्रत पुरणार नाही.

यावर सपाटीकरणाचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील फिडलवादक मायकेल कोलमन न्यूयॉर्कला स्थायिक झाला. १९२०च्या दशकात त्याने तेथे केलेल्या तबकड्या मायदेशी पोहोचल्या आणि इतर परगण्यांतील वादक त्या ऐकून त्याच्याच धाटणीने वाजवू लागले. काही स्थानिक शैली त्यामुळे मागे पडल्या. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतील ठेक्याने गावचा ठेका झाकोळला आहे. मात्र कोलमनचे अनुकरण करणाऱ्यांच्या हातात वाद्य होते, हे विसरता कामा नये. आज जागरण-गोंधळापासून भीमजयंतीपर्यंत तयार 'ट्रॅक' लावून त्यावर गाण्याची जी प्रथा बोकाळली आहे, ती या दृष्टीने निराळी आहे. पहिल्या प्रकारात मुद्रण वादकाला तयार करते, दुसऱ्यात ते त्याची जागा घेते. ढोलकीवाल्याची बिदागी वाचते आणि एका हंगामात तो दुसरे काम धरतो. आपले 'आक्रमणा'चे प्रकरण या दोहोंना एकाच मापाने मोजते. त्यामुळे जेथे खरोखर ओरडायचे तेथे आपला आवाज कोणाला ऐकू येत नाही.

आणि आपण स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणांचे काय? गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांतील काही भाग बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने मुद्रित झाला. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या क्रमाने ऐकावयास मिळत आहेत, काही गायिकांकडे कार्यकर्ते पुन्हा जाऊनही आले. विद्यापीठीय विभागांची परंपरा याच्या उलट आहे. संशोधक गावात जातो, रात्रभर भजन मुद्रित करतो, संहिता उतरवून परिशिष्टात छापतो, आणि फीत कपाटात जाते. गाणाऱ्याला ती पुन्हा ऐकू येत नाही. दमट कपाटात तिच्यावर बुरशी चढते. ज्या मंडळाने ती गायिली, त्याच्या पुढच्या पिढीला तोवर बाजारातल्या मुद्रणाबरोबर वाजवावे लागते, कारण आपल्याच आजोबांच्या ठेक्याचे मुद्रण कोठल्या कपाटात आहे हे तिला ठाऊक नसते.

प्रत्येक प्रबंधासोबत मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत संबंधित मंडळास दिल्याची पोच जोडणे विभागाने बंधनकारक करावे. मुद्रणाच्या आरंभी पेटीची पट्टी सांगून षड्ज धरावा, म्हणजे उद्या कोणास त्याबरोबर वाजविता येईल. ठेका आणि गायन शक्य तेथे वेगळ्या ध्वनिग्राहकांवर घ्यावे. खर्च म्हणावा तर परिशिष्टाच्या बांधणीपेक्षा अधिक नाही. कपाटांतल्या जुन्या फितींची गावनिहाय यादी करण्याचे काम एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून येत्या सत्रातही होऊ शकेल. फिती वाजत्या आहेत तोवर ते झाले पाहिजे.