ओंडक्यापासून तुळईपर्यंत

आज बहुतेक घरांत एक ना एक कॅमेरा असतोच. निराळा नसला तरी खिशातील भ्रमणध्वनीत तो असतो. परंतु घरची मंडळी, सहली आणि समारंभ यांच्यापलीकडे तो सहसा जात नाही. या खेपेस आपणांस एका अगदी साध्या विषयाकडे वळण्याची विनंती आहे. तो विषय म्हणजे लाकूड. रानात उभे असलेले, वखारीत थप्पी लावलेले, वाटेवर निघालेले आणि शेवटी घराच्या छताला खांदा देऊन राहिलेले.

हाच विषय का, असे कोणी विचारील. दगडाची चिकाटी लाकडाला नाही. ते जळते, कुजते, वाळवीच्या तोंडी पडते, आणि घर मोडले की खांबासकट विकले जाते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. आज तेथे तट, दरवाजे आणि दगडी जोती उरली आहेत. वरचे लाकडी मजले कसे दिसत, हे वर्णनांवरून ताडावे लागते. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. अवघ्या अकरा वर्षांचे अंतर! उलट, श्रीनगरातील दस्तगीर साहेबांचा लाकडी दर्गा २०१२ च्या जूनमध्ये आगीत नष्ट झाला, तेव्हा पूर्वी करून ठेवलेली मोजमापांची रेखाटने हाताशी होती, म्हणून तो जुन्या रूपात पुन्हा उभारता आला. हौशी माणसाचे छायाचित्र हे मोजमाप नव्हे. पण एखाद्या वाड्याच्या चौकाविषयी तेवढाच पुरावा मागे राहतो, असेही पुष्कळदा घडते.

प्रथम उभ्या झाडांकडे जाऊ. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. त्या काळी काचेची पट्टी ओली असतानाच चित्र घेऊन ती लगेच धुवावी लागे. म्हणजे अंधारी राहुटी, रसायने आणि काचा हे सारे हमालांच्या पाठीवर डोंगर चढत असे. तरीही त्याने देवदारांची चित्रे घेतली, आणि त्यांत वृक्षाच्या प्रचंडपणाची जाणीव होते. आपणांस तेवढे कष्ट नाहीत. केवळ एक गोष्ट सांभाळावी: उंच झाडाशेजारी माणूस, बैल किंवा झोपडी असे काही परिचित माप असू द्यावे. केरळात निलंबूर येथे १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांच्या काळी लावलेले सागवान आजही उभे आहे. त्या सरळसोट खोडांपाशी कोणी उभे नसेल, तर चित्रात ती काठ्यांसारखी दिसतात. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या जुन्या सागवनाचेही तसेच.

तोडलेल्या लाकडाचे सौंदर्य निराळे, आणि मला वाटते, अधिक दुर्लक्षित. वखारीतील थप्पी दुपारच्या उन्हात पाहिली तर तीत काहीच नाही. सकाळी आठच्या सुमारास ऊन आडवे आले की सालीची प्रत्येक भेग सावली धरते, आणि कापलेल्या तोंडांवरील वर्तुळे उमटू लागतात. पावसाची सर येऊन गेल्यावर तर लाकडाचा रंग गडद होतो. अंदमानच्या पडौकचा तांबडेपणा अशा वेळी पाहावा. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम्, येथील चॅथम बेटावर १८८३ पासूनची सरकारी लाकूडगिरणी आहे. तेथे हे लाकूड पाहावयास मिळते.

ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आणि आकडे असतात. ते वाचता येतील इतके जवळ जाऊन एक चित्र अवश्य घ्यावे, कारण त्यावरून त्या लाकडाची वंशावळ कळते. मात्र वखारीत परवानगीवाचून शिरू नये आणि थप्पीवर मुलांना चढवून चित्र घेण्याचा मोह टाळावा. एक ओंडका सरकला की सारी थप्पी घरंगळते.

वाहतुकीचे चित्र घेणे कठीण, कारण येथे विषय थांबत नाही. ओंडक्यांनी भरलेली मालमोटार घाटात हळू चढत असते. तिच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास शटर ठेवले, तर गाडी स्पष्ट येते आणि मागील झाडी वाहू लागते. दहांतील नऊ चित्रे वाया जातील. जुनी वाट मात्र नदीची होती. निलंबूरचे सागवान चाळियार नदीतून खाली येई आणि कोळिक्कोडजवळील कल्लायी येथे त्याचा मोठा बाजार भरे. हिमालयातले देवदार सतलज-चिनाबच्या प्रवाहांत सोडून रेल्वेच्या स्लीपरांसाठी मैदानात आणीत. आता रुळांखाली बहुतेक काँक्रीट आले आहे आणि नद्यांवर धरणे आहेत. चाळियारच्या मुखाशी बेपूर येथे ‘उरू’ नावाची मोठी लाकडी गलबते बांधण्याची परंपरा आहे. तेथील मिस्त्री कागदावरील आराखड्यावाचून आधी बाहेरच्या फळ्या जोडतात आणि मागाहून आतील फासळ्या बसवितात. गलबताच्या संपूर्ण देहाचे चित्र कोणीही घेईल; फळीच्या सांध्यावर टेकलेला कारागिराचा हात टिपणे अधिक मोलाचे.

आणि आता इमारती. हिमाचलात काठ-कुणी पद्धतीची घरे व देवळे आहेत: देवदाराची तुळई, तिच्यावर चुन्या-मातीवाचून रचलेले दगड, पुन्हा तुळई. कोपऱ्यावर तुळया एकमेकींवर आडव्या बसतात. सराहनचे भीमाकाली मंदिर आणि नग्गरचा किल्ला ही त्याची नामांकित उदाहरणे होत. भूकंपाचा हादरा अशी भिंत आपल्या अंगी जिरवते, आगीपुढे मात्र तिचा निभाव लागत नाही; मलाणा गावाचा मोठा भाग २००८ मध्ये असाच जळाला. चित्र घेताना समोरून न घेता कोपऱ्यावरून घ्यावे, कारण त्या बांधणीचे सारे मर्म कोपऱ्यात आहे. कॅमेरा वर उचलून घेतला की भिंती मागे कलतात, म्हणून शक्य तितके दूर जाऊन तो सरळ धरावा.

आतील अंधाराचा प्रश्न सर्वांत अवघड. काळसर लाकूड पाहून कॅमेऱ्याची फसगत होते. तो ते उजळ करू पाहतो आणि चित्र फिके होते. अशा वेळी प्रकाश हाताने थोडा कमी करावा. फ्लॅश तर वापरूच नये, कोरीव कामाचा जीव सावलीत असतो. कन्याकुमारी जिल्ह्यातील पद्मनाभपुरम् राजवाड्यात काळ्याभोर, गुळगुळीत जमिनीवर खिडक्यांचे प्रतिबिंब पडते. तेवढ्या प्रकाशात फणसाच्या लाकडाचा कोरीव खांब सुंदर दिसतो. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत. १९८४ च्या आगीत त्या वास्तूची फार हानी झाली. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहण्यास चुकू नये. दगडी कमानीच्या पोटाशी बसविलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. तेथे तिवई लावण्यास परवानगी लागते, म्हणून कॅमेरा पाठीवर, भिंग वर करून जमिनीवरच ठेवावा आणि स्वयंचलित शटर सोडावे.

आपल्या गावचा किंवा आजोळचा वाडा असेल, तर एक काम अधिक करावे. चित्र घेतल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून भागांची नावे विचारावी: तुळई, कडीपाट, तक्तपोशी, सुरूचा खांब, माजघराची चौकट. खांब कोणत्या लाकडाचा आणि तो कोठून आणला होता, हेही विचारावे. ती नावे, गाव आणि दिनांक चित्राच्या पाठीमागे लिहावे. चित्र भ्रमणध्वनीतच राहणार असेल, तर वहीत लिहावे. सुतारकाम जाणणारी व्यक्ती घरात नसेल, तर गावच्या जुन्या सुताराकडे जावे. चित्र त्याच्यापुढे धरताच तो बहुधा पहिल्यांदा सांधाच दाखवील.